गोळी कंपनीने परत घेतली, रुग्णाच्या हक्काचे काय?

कापडाच्या धंद्यात माल परत येणे नवे नाही. ताक्यात डाग निघाला, पन्हा कमी भरला, धुण्यात रंग उतरला, की पार्टी माल परत पाठवते, आम्ही तो मागच्याकडे पाठवतो आणि हिशेब डेबिट नोटवर मिटतो. औषधाच्या धंद्यातही माल परत बोलावला जातो. त्याला रिकॉल म्हणतात. फरक इतकाच की कापड परत करणाऱ्याच्या हाती कापड शिल्लक असते, गोळी खाल्लेल्याच्या हाती काहीच उरत नाही. कंपनी गोदामातला आणि दुकानातला माल उचलते. पोटात गेलेला माल उचलता येत नाही. त्याने नुकसान झाले असेल तर दाद कोठे मागायची आणि ती मिळण्यासाठी हाती काय असावे लागते, याचा विचार व्यापारी बंधूंनी आणि कारागीर भावांनी एकदा शांतपणे करावा असे आम्हास वाटते. पन्नाशी ओलांडलेल्या किती जणांच्या खिशात आज हृदयाच्या नाहीतर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी असते, हे मोजत बसण्याची गरज नाही.

अमेरिकेतले एक प्रकरण या बाबतीत फार शिकवण्यासारखे आहे. डिजॉक्सिन नावाचे हृदयाचे जुने औषध आहे. ते डिजिटॅलिस या झाडापासून निघते आणि हृदयाचे ठोके आवरण्यासाठी, तसेच कमजोर हृदयाला जोर देण्यासाठी दिले जाते. या औषधाची खोड अशी की उपयोगी पडणारी मात्रा आणि विष ठरणारी मात्रा यांत अंतर फार थोडे. म्हणून गोळी मिलिग्रॅमच्या आठव्या नाहीतर चौथ्या हिश्शाची असते. जास्त झाले तर मळमळ, उलटी, चक्कर, नजरेला पिवळसर दिसणे आणि शेवटी ठोके बिघडून मृत्यूसुद्धा. अशा औषधात दुप्पट जाडीची गोळी निघणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

न्यू जर्सीतल्या ॲक्टाविस टोटोवा या कंपनीच्या कारखान्यात नेमके हेच झाले. ४८ लाख गोळ्यांच्या एका बॅचमध्ये वीस गोळ्या दुप्पट जाड सापडल्या. कंपनीने त्या निवडून काढल्या, बाकीचा माल नजरेने तपासला आणि बाजारात सोडला. हे औषध ‘डिजिटेक’ या नावाने मायलन कंपनीमार्फत विकले जात असे. अखेर २५ एप्रिल २००८ रोजी डिजिटेकचा सगळा माल परत बोलावण्यात आला. तो पहिल्या वर्गाचा रिकॉल होता. ज्या मालाने गंभीर इजा किंवा मृत्यू होण्याची रास्त शक्यता असते, त्यालाच अमेरिकन सरकारचे औषध खाते हा वर्ग देते.

पुढे शेकडो रुग्ण आणि मृतांचे वारस कोर्टात गेले. अमेरिकेत अशा वेळी देशभरच्या फेडरल कोर्टांतले दावे एका न्यायाधीशापुढे जमा करतात. दावा प्रत्येकाचा वेगळाच राहतो, पण कागदपत्रे मागवणे, कंपनीच्या लोकांच्या जबान्या, तज्ज्ञांची मते हे काम सर्वांसाठी एकदाच होते. डिजिटेकचे दावे वेस्ट व्हर्जिनियाच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश जोसेफ गुडविन यांच्यापुढे आले. तिकडे वकील बहुधा आधी फी घेत नाही, दावा जिंकला तर रकमेतून हिस्सा घेतो. म्हणून गरीब माणूसही मोठ्या कंपनीसमोर उभा राहू शकतो. आपल्याकडे वकिलाने असा हिस्सा ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. या मनाईचा फायदा कोणाला होतो, याचा विचार वाचकांनीच करावा.

इथवर सारे रुग्णाच्या बाजूचे वाटते. पण २०१० मध्ये बऱ्याच दाव्यांत तडजोड ठरल्यावर जे तडजोडीबाहेर राहिले, त्यांच्याबाबत नोव्हेंबर २०११ मध्ये न्या. गुडविन यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कारण साधे होते. कारखान्यात गोंधळ होता, सरकारी तपासनिसांनी तो नोंदवला होता, माल परत घेतला गेला होता. परंतु अमुक रुग्णाने खाल्लेली गोळी जाड होती, याचा सबूत कोठे? खुद्द सरकारी औषध खात्याने नंतर जाहीर केले होते की बाजारात गेल्या असतील तर अशा गोळ्या फारच थोड्या, आणि त्यांनी रुग्णांना इजा झाली असण्याचा संभव अगदी कमी. म्हणजे रिकॉल पहिल्या वर्गाचा, आणि दाव्यात हाती काही नाही!

यात न्यायाधीशाचा दोष आम्हास दिसत नाही. रिकॉल म्हणजे संशय. दावा जिंकण्यासाठी तीन गोष्टी लागतात. त्या बॅचचीच गोळी घेतली, ती गोळी सदोष होती, आणि इजा त्याच गोळीने झाली. तिसरी गोष्ट तर फार अवघड. डिजॉक्सिन शरीरातून मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड कमजोर झाले तर चांगल्या गोळीनेही रक्तातले प्रमाण वाढते. ठोक्यांसाठी दिली जाणारी दुसरी काही औषधे सोबत असली तरी वाढते. कंपनीचा वकील उभा राहून हेच विचारणार, आणि हृदयाचा रुग्ण बहुधा वयस्क, त्याला चार आजार असतातच. त्याच दिवशी रक्त तपासलेले असेल, दवाखान्याचा कागद असेल, पट्टीत उरलेल्या गोळ्या असतील, तर उत्तर देता येते. नाहीतर खरे असूनही माणूस गप्प बसतो.

आणखी एक दार अमेरिकेत त्याच साली बंद झाले. कंपनीने धोक्याची सूचना पुरेशी दिली नाही, असा दावा जेनेरिक औषध बनवणाऱ्यावर राज्याच्या कायद्याने करता येणार नाही, असे तेथील सुप्रीम कोर्टाने जून २०११ मध्ये ठरवले. कारण जेनेरिकवाल्याला मूळ कंपनीचीच माहितीपट्टी छापावी लागते, स्वतःहून ती बदलता येत नाही. ब्रँडच्या कंपनीवर मात्र तसा दावा चालतो, हे त्याच कोर्टाने २००९ मध्ये मान्य केले होते. गोळीत फरक नाही, भाव कमी म्हणून जेनेरिक घेतले, आणि हक्क तेवढा कमी झाला. आम्हास हा न्याय पटत नाही.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेचे आपल्याला काय? तर संबंध असा आहे. २०१८ च्या जुलैपासून व्हाल्सार्टान या रक्तदाबाच्या आणि कमजोर हृदयाच्या औषधाचा माल युरोप-अमेरिकेत परत बोलावला जाऊ लागला. सुरुवात चीनच्या झेजियांग हुआहाई या कारखान्याच्या मालापासून झाली. बनवण्याची रीत बदलल्याने त्यात एनडीएमए नावाचे, कॅन्सरचा धोका वाढवणारे द्रव्य तयार होत होते. पुढे असा दोष निघालेल्या मालात आपल्या देशातील हेटेरो, टोरंट आणि अरबिंदो या कंपन्यांचाही माल निघाला. अमेरिकन रुग्णांचे दावे न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात २०१९ मध्ये एकत्र करण्यात आले. म्हणजे गोळी हिंदुस्थानात बनलेली असली तरी तिकडच्या रुग्णाला दार ठाऊक आहे. इकडच्या रुग्णाला आपल्या घराजवळचे दार ठाऊक आहे काय?

दार आहे, आणि पूर्वीपेक्षा रुंद आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात मालाच्या जबाबदारीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. माल बनवताना दोष राहिला, ठरलेल्या मापाप्रमाणे माल बनला नाही, वापराची किंवा धोक्याची सूचना नीट दिली नाही, तर बनवणारा जबाबदार. जाड गोळीचा मामला सरळ ‘ठरलेल्या मापाप्रमाणे नाही’ यात बसतो. एक पळवाट मात्र ध्यानात ठेवावी. जे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते, त्याची सूचना कंपनीने डॉक्टरांना योग्य रीतीने दिली असेल तर ‘मला सांगितले नाही’ ही रुग्णाची तक्रार कंपनीवर टिकणे कठीण. हृदयाची बहुतेक औषधे याच प्रकारची. म्हणून जोर सूचनेवर न देता मालाच्या दोषावर द्यावा.

दावा जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होतो. मालाची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचा अधिकार आहे, आणि किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. येथे किंमत म्हणजे आपण मोजलेले पैसे. नुकसानभरपाई किती मागतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. औषधाची पट्टी शंभराची असो की हजाराची, फी शून्य. कंपनी हैदराबादची असो नाहीतर अहमदाबादची, तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. औषध कुटुंबातल्या एकाने विकत घेतले आणि दुसऱ्याने खाल्ले तरी खाणाराही ग्राहकच. मुदत मात्र दोन वर्षांची. उशिराचे सबळ कारण दाखवल्यास आयोग माफी देऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. गोळीत दोष आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. त्यासाठी नमुना लागतो. गोळ्या फेकून दिल्या असतील तर आयोग काय पाठवणार?

दुसरा मार्ग १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचा. त्याच्या कलम २६ प्रमाणे विकत घेतलेले औषध कोणीही ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासणीस देऊ शकतो आणि त्याचा सहीचा अहवाल मिळवू शकतो. इतकी उपयोगी तरतूद, आणि इतकी कमी लोकांना ठाऊक! अहवाल विरुद्ध आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. पीडित व्यक्ती स्वतःही फौजदारी खटला दाखल करू शकते. बनावट किंवा भेसळीच्या औषधाने मृत्यू अगर गंभीर इजा झाली तर किमान दहा वर्षांची कैद, दहा लाख रुपयांच्या खाली नाही इतका दंड, आणि तो दंड रुग्णाला किंवा त्याच्या वारसांना द्यावा असे कायदा म्हणतो. परंतु औषध बनावट नसून केवळ ‘दर्जाचे नाही’ ठरले तर सजा फार हलकी. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने अशा काही गुन्ह्यांत रक्कम भरून तडजोड करण्याचीही सोय झाली. धंद्याला त्रास नको, हे आम्ही व्यापारी म्हणून समजतो. पण कापडाचा पन्हा कमी भरणे आणि हृदयाच्या गोळीत औषध कमी-जास्त भरणे एका मापाने मोजता येत नाही.

एका मोठ्या वर्गासाठी हे ग्राहक आयोगाचे दार अर्धवटच उघडे आहे. ज्यांना सरकारी दवाखान्यातून औषध फुकट मिळते, त्यांनी पैसे मोजलेले नसतात. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हाच स्पष्ट केले की जेथे सर्वांनाच सेवा मोफत आहे ती कायद्याबाहेर, आणि जेथे काहींकडून पैसे घेतात तेथे मोफतवालेही आत. पूर्ण मोफत असेल तर दिवाणी कोर्ट, नाहीतर हायकोर्टात रिट. हातावर पोट असलेल्याला हे दोन्ही दूरचे.

मोफत औषधाचा धोका काय असतो हे लाहोरला २०१२ च्या जानेवारीत दिसले. तेथील पंजाब इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओलॉजीतून गरीब रुग्णांना फुकट औषधे दिली जात. रुग्ण अचानक आजारी पडू लागले, अंगावर काळे डाग, तोंडातून रक्त, रक्तातल्या पेशी घसरलेल्या. आदल्या वर्षी शहरात डेंग्यूची मोठी साथ होती, म्हणून आधी डॉक्टरांना तोच संशय आला. शंभराहून जास्त रुग्ण दगावले. औषधांचे नमुने लंडनला तपासले तेव्हा कळले की छातीतल्या दुखण्याच्या एका गोळीत मलेरियावरचे पायरिमेथामिन भरमसाट मिसळले गेले होते. त्यावर उतारा असतो. कारण कळल्यावर तो देता आला. पट्ट्या शिल्लक होत्या म्हणून कारण कळले.

आता आमच्या म्हणण्याच्या मुद्द्यावर येतो. आपल्याकडे कायदा कमी नाही, कागद कमी आहे. हातमागावरचा, यंत्रमागावरचा, शिवणकामाचा माणूस महिन्याचे औषध एकदम घेऊ शकत नाही. हप्ता हातात पडला की पाच-सात गोळ्या घेतो. दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. बॅच नंबर आणि तारीख पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते, ती बहुतेक दुकानातच राहते. बिल मागितले जात नाही, दिलेही जात नाही. केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी जाहीर करतात. तीत औषधाचे नाव, बनवणारा आणि बॅच नंबर असतो. पण ज्याच्या हातात बॅच नंबरच नाही त्याला त्या यादीचा उपयोग काय? १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तोही कात्रीच्या पलीकडच्या तुकड्यावर राहिला तर काय कामाचा!

यावर आमचे मत असे की कापलेल्या पट्टीच्या बिलावरही औषधाचे नाव, बनवणारा, बॅच नंबर आणि मुदत यांशिवाय विक्री होऊ नये, आणि हे अन्न व औषध प्रशासनाने दुकानात जाऊन पाहावे. दुसरे, रिकॉल झाला की कंपनी ठोक विक्रेत्याला कळवते, ठोक विक्रेता दुकानदाराला, आणि बातमी तेथेच थांबते. जो दुकानदार रोजच्या गिऱ्हाइकाला उधारीची आठवण फोनवर करतो, तो ‘तुमच्या गोळीची बॅच परत मागवली आहे’ हेही फोनवर सांगू शकतो. ते नियमाने सक्तीचे व्हावे. दुकानदारांच्या संघटना याला विरोध करतील, म्हणतील कामाचा बोजा वाढतो. आमचे वाचक असलेल्या मेडिकल दुकानदारांना आम्ही एवढेच विचारतो, की बनवणारा कोण हे कळत नसेल किंवा त्याला नोटीस बजावता येत नसेल तर कलम ८६ प्रमाणे जबाबदारी विकणाऱ्यावर येते, हे त्यांना ठाऊक आहे ना? विनाबिलाचा स्वस्त माल भरणाऱ्याने हे कलम आधी वाचावे.

सरकार नियम करेल तेव्हा करो. तोवर घरात काय करता येईल ते सांगतो. बिल घ्यावे. पट्टी कापूनच घ्यावी लागत असेल तर दुकानदाराकडून बॅच नंबर बिलावर लिहून घ्यावा, नाहीतर मोबाईलवर पट्टीच्या त्या टोकाचा फोटो काढावा. घरात जे पोर शिकते आहे त्याला हे काम द्यावे. औषध परत बोलावल्याची बातमी ऐकली तर हृदयाचे औषध आपल्या मनाने बंद करू नये. व्हाल्सार्टानच्या वेळी अमेरिकन औषध खात्यानेही रुग्णांना हेच बजावले होते, की दुसरी गोळी हातात येईपर्यंत पहिली सोडू नका, कारण एकदम बंद करण्याचा धोका मोठा. आधी डॉक्टरकडे जावे, बॅच दाखवावी, गोळी बदलून घ्यावी. जुन्या पट्टीतल्या सगळ्या गोळ्या परत देऊ नयेत. काही पट्टीसह आणि बिलासह वेगळ्या डबीत ठेवाव्यात, डबीवर तारीख लिहावी, आणि घरात कोणी चुकून खाणार नाही अशी व्यवस्था करावी. त्रास झाला असेल तर त्याच दिवशी रक्ताची आणि हृदयाच्या ईसीजीची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना औषधाचे नाव व बॅच केसपेपरवर लिहिण्याची विनंती करावी. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद घेणारा सरकारी मोफत फोन १८००-१८०-३०२४ हा आहे. रुग्ण स्वतः तेथे सांगू शकतो. तेथे भरपाई मिळत नाही, पण त्रास केव्हा झाला याची तारखेसह नोंद राहते.

मग जिल्हा आयोग. अर्ज साध्या मराठीत चालतो. कोणती गोळी, कोठून, कोणत्या तारखेस घेतली, त्रास कधी सुरू झाला, खर्च किती झाला, किती दिवस काम बुडाले हे लिहावे. कारागीर माणूस बुडालेली मजुरी मागायला लाजतो. मागच्या तीन महिन्यांच्या कामाची वही किंवा मालकाचा दाखला जोडून ती जरूर मागावी. बिले, केसपेपर आणि अहवाल यांच्या झेरॉक्स अर्जाला लावाव्यात, मूळ कागद आपल्याजवळ ठेवावेत आणि आयोगाने मागितल्यावर दाखवावेत.